लाल फुलीचा दगड

ज्या दगडावरून अख्ख्या रस्त्याची उंची मोजायची होती, तो दगड मी फोडायला लावला. चुकून फुटला असं मी बरीच वर्षं सांगत होतो. खरं हे आहे की, फोडा म्हणून मीच सांगितलं होतं.

नांदेडला मी सिव्हिलचा डिप्लोमा करत होतो. त्याला सँडविच कोर्स म्हणायचे. सँडविच हा पदार्थ वर्गात कुणीच खाल्लेला नव्हता. दोन बाजूंना पुस्तकं आणि मधे सहा महिने कामावरचं ट्रेनिंग, एवढंच आम्हाला माहीत. निघताना प्राचार्यांनी भाषणात सांगितलं की राष्ट्र कुशल हातांची वाट पाहत आहे. मी उमरीचा पोरगा, पत्र्याची पेटी घेऊन उदगीरच्या स्टँडवर उतरलो, तेव्हा राष्ट्राच्या वतीनं कुणीही घ्यायला आलं नव्हतं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगसुद्धा नीट वाळला नव्हता आणि आत खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यातल्या एका खुर्चीवर माझा डोळा होता. पण मुलाखतीला जायचं तर डिप्लोमा हवा, आणि डिप्लोम्याला ट्रेनिंगच्या कागदावर ओव्हरसियर साहेबांची सही हवी. ती नाही मिळाली तर पुन्हा सहा महिने.

दुष्काळ होता. रोजगार हमीवर रस्त्याचं काम निघालं होतं आणि बाया दिवसभर खडी फोडायच्या. माझ्याकडे तीन पायांवरची दुर्बीण, काठीसारखी उभी धरायची मापाची पट्टी आणि उंच्या लिहायची लेव्हलची वही. आधी एक न हलणारी जागा धरायची, तिची उंची शंभर मानायची आणि बाकी सगळं तिच्यावरून काढायचं. त्या जागेला बेंचमार्क म्हणतात. देवळाच्या पायरीवर आणखी एक खूण करून ठेवा, असं कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं. देऊळ लांब होतं आणि ऊन होतं. मी जवळचाच एक काळाभोर, सपाट, टणक दगड निवडला आणि त्यावर लाल फुली काढली. खडीलाही नेमका तसाच दगड लागतो, हे पुस्तकात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाया लांबून दगड वाहून आणत होत्या. मला त्यांची दया आली. मी हात फिरवून म्हणालो, लांब कशाला जाता, इथलेच फोडा की. आणि चहाला गेलो.

परत आलो तर खडीचा सुंदर ढीग. त्यात काही तुकड्यांना एका अंगानं लाल रंग.

नेमके तेव्हाच साहेब आले. उद्या मोरीचा पाया खणायचा होता. पाण्यानं रस्त्याखालून कुठल्या उंचीवरून जायचं, तो आकडा त्यांना हवा होता. मी ढिगाकडे बोट दाखवलं. ते ओरडले नाहीत, हेच वाईट.

"संध्याकाळपर्यंत लेव्हल दे. न्हाई तर बिनसहीचा कागद घे अन् नांदेडची एसटी धर."

ते गेल्यावर मी काय केलं, तर लाल तुकडे वेचून जोडायला बसलो. सगळ्या टोळीचे हातोडे थांबले. टोळीतली सगळ्यात म्हातारी मावशी उठून आली.

"काय हुडकून राहिलास, लेकरा?"

मी सांगितलं. तिला मजा वाटली असावी. ती शेजारीच बसली आणि एकेक विचारू लागली. दुर्बिणीतून काय दिसतं? उलटं दिसतं, मी म्हणालो. मग ती म्हणाली, "दगड फुटला. जिमीन तर हाय तिथंच हाय ना?"

मी हातातले तुकडे खाली ठेवले.

"तू ती काठी लई जागी उभी केलास. लिंबाखालच्या खडकावर केलास का न्हाई? तिथं ठिवलेली माझी घागर उचलाया लावलास."

वही उघडली. पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात होतं: लिंबाखालचा खडक. पुढे लाल फुलीच्या दगडावरून काढलेली त्याची उंची. तो खडक जमिनीतून वर आलेला होता, दहा माणसांना हलला नसता. दुर्बीण लावली, पट्टी त्याच्यावर धरली, आणि ऊन कलायच्या आत मोरीचा आकडा निघाला.

मला राहवेना. एवढ्या जागांमधून हीच कशी ध्यानात राहिली, मी विचारलं.

"घागर उचलताना हिंदकळली. अर्धी सांडली. दोन कोसांवरून आणलेली." तिनं हे अगदी सहज सांगितलं. मी मात्र वहीत डोकं घातलं.

संध्याकाळी साहेबांनी आकडा पुन्हा तपासला आणि खिशातून पेन काढलं. कसं काय जमवलंस, म्हणाले. मी घसा साफ केला आणि सुरू झालो, की पर्यायी बेंचमार्क म्हणून मी आधीच एक खडक...

मावशी मागे खडीची पाटी झटकत उभी होती.

"सही करा, सायब," ती म्हणाली. "पन कागदावर लिवा, याला कामाला घ्यायचं तं संगं एक बाई घ्यावी लागती."