आधी फडकं

कीबोर्डला हात लावण्याआधी सर फडक्यानं हात पुसायचे. हात स्वच्छ असले तरी. काम झालं की पुन्हा पुसायचे आणि फडकं खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवायचे. आम्ही तोंड लपवून हसायचो.

"हसा, हसा," ते म्हणायचे. "हात पुसल्याबिगर बोनेट उघडायचं न्हाई, अब्बानं शिकवलंय."

त्यांच्या अब्बांचं अंबाजोगाईत गॅरेज होतं. सर आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कंत्राटावर प्रोग्रॅमिंग शिकवायचे. एका कामाचं वळण दुसऱ्या कामात घेऊन येणारा असा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

मला प्रोग्रॅममधले कॉलबॅक कळत नव्हते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. विचारायला जीभ उचलत नसे. सरांनी ते ओळखलं.

"गाडीचं दार उघडलं की आतला दिवा लागतो. लावायला कोण जातंय का? ऑब्जेक्टचं, म्हंजी आपल्या नोंदीचं, तसंच हाय. तयार होताना, जतन होताना, पुसलं जाताना काय करायचं ते सांगून ठेवायचं. वेळ आली की आपोआप होतंय. फकत एवढं बोल, आधी का नंतर?"

माझा प्रकल्प मेंढपाळांसाठी होता. नाव नोंदवलं की लसीकरणाच्या दिवसाचा निरोप मोबाइलवर जाणार. जनावरांच्या एका डॉक्टरांनी तो वापरून पाहायचं कबूल केलं. पहिली नोंद मी माझ्या वडिलांची, आबांची केली. मुक्कामाचा रकाना रिकामा सोडला. मेंढरांमागं फिरणाऱ्या माणसाचा मुक्काम काय लिहायचा? आबांना निरोप मिळाला, तेवढ्यावर मी खूश.

आबा मेंढरं घेऊन दोन दिवस चालत चकलांब्याला लसीकरणाच्या जागी पोचले. डॉक्टरांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. लस मोजकीच होती, ती संपली.

"कावून बोलावलं गं?" फोनवर त्यांचा आवाज बसलेला. "लोकं हसली मला. तुज्या मशीनचं आता ऐकायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरांनी हात पुसले आणि माझा कोड वाचला. डेटाबेसनं रिकामा रकाना नाकारला होता. नोंद झालीच नव्हती. निरोप मात्र मी जतन होण्याआधीच्या कॉलबॅकमध्ये ठेवला होता. तो निघून गेला होता.

"तपासणं आधी, सांगणं नंतर. मधी काय बी होतंय, बेटा." ते रागावले नाहीत. माझा फोन माझ्यापुढे सरकवला. "आबाला सांग, चूक कुणाची."

मी फोन स्पीकरवर टाकून अडखळत सांगितलं. आबा म्हणाले, "मुक्काम लागतोय तर 'रानात' लिव की."

सर मोठ्यानं हसले. "लई हुशार हाय तुजा बाप!"

मी निरोप जतन झाल्यानंतरच्या कॉलबॅकमध्ये हलवला. उन्हाळ्यात सरांचं कंत्राट संपलं, ते पुण्याला गेले. पुढच्या लसीकरणाआधी लॅबमध्ये असताना आबांचा फोन आला.

"निरोप आलाय. निगू का?"

मी यादी उघडली. आबांचं नाव होतं. मुक्काम: रानात.

"निगा, आबा."

हे सरांना सांगायला मी सवयीनं वळले. खिळ्याला फडकं नव्हतं. मी ओढणीला हात पुसले आणि पुढची नोंद उघडली.