लाल पट्ट्याचा बावटा

शिक्षकांच्या प्रशिक्षणात काल दुसऱ्याचं मन ओळखण्यावर तास होता. खिडकीतून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला आणि मला आमचा मुरुडचा पाचवीचा वर्ग आठवला.

त्या सकाळी वारा सुटला होता. वनिताच्या बाबांची होडी आदल्या संध्याकाळीच यायला हवी होती, ती आली नव्हती. आईने तिला तरीही शाळेत धाडलं होतं. पुस्तक उघडं टाकून ती सारखी मागे वळून खिडकीतून समुद्राकडे बघत होती. आता हिला ओरडा बसणार, असं मला वाटलं. पण बाईंनी एवढंच विचारलं, "तुमच्या होडीचा बावटा कसा आहे गं?"

"पिवला. मधी लाल पट्टा हाय."

"बरं. सगळ्यांनी बाकं फिरवा रे, खिडकीकडे तोंड करा."

फळा पाठीमागे गेला. बाई खिडकीशी उभ्या राहून शिकवू लागल्या. तेव्हा आम्हाला नुसती गंमत वाटली होती. आज कळतं, बाईंनी तिचं वाट बघणं सगळ्या वर्गात वाटून टाकलं होतं.

मधल्या सुट्टीच्या जरा आधी लांबवर पिवळं काहीतरी हललं. सगळ्यात आधी ओरडले ती मी, भातशेतीवाल्यांची पोर, होडीत कधी पायही न ठेवलेली.

"वनिते, आला बघ आपला बावटा!"