दुकानातली अंबाडी

निघालो त्या दिवशी बाबा धसईहून मुरबाडपर्यंत एसटीत माझ्या शेजारी बसून आले. मुरबाडच्या एका कारखान्यात मी पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर होतो आणि त्याच कामाचा कोर्स करायला कॅनडाला चाललो होतो. गाडीत चढेल त्याला बाबा सांगत होते, "पोरगा पाण्याचं शिकाया चाललाय." उतरल्यावर मला म्हणाले, "लोकांना चांगलं पाणी पाजणं पुण्याचं काम हाय रे. कर जाऊन."

ते पाजायचं राहूनच गेलं. कोर्स संपल्यावर पाणीपुरवठ्याच्या नोकरीसाठी मला कुणी दारातही उभं केलं नाही. ज्या एका दुकानाने इथे राहून काम करायच्या परमिटचे कागद करून दिले, ते घरी गांजा लावणाऱ्यांना सामान विकतं. हो, गांजाच. इथे मोजकी रोपं घरात लावायला कायद्याची परवानगी आहे. गिऱ्हाईक नळाचं पाणी बाटलीत भरून आणतं, मी त्यात मीटर बुडवतो. क्षार किती, क्लोरीन किती, रोपाला सोसेल का, ते सांगतो. मुरबाडला पाइपांवर चढउतर करून कंबर धरायची, इथे इस्त्रीच्या शर्टात उभा असतो. काम सोपं आहे आणि मला ते आवडत नाही. सोडावं म्हटलं तर परमिट याच दुकानाच्या नावावर. बाहेर गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, आपण सगळेच कुणाच्या ना कुणाच्या लेटरहेडवर राहतो.

घरी मी "पाणी तपासतो" एवढंच सांगितलं होतं. एकदा दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावला आणि आईला मागच्या भिंतीवरचं चित्र दिसलं, बोटांसारखी फाकलेली हिरवी पानं. "अरे, अंबाडी! तिकडं पण अंबाडी खातात?" आमच्या बांधावरच्या अंबाडीचं पान हुबेहूब तसंच असतं. मी हो म्हणालो. मग काय, धसईच्या बाजारात आई सांगत सुटली की लेक गोऱ्यांना अंबाडी लावायला शिकवतो. बाबांनी तेवढं त्या कॉलवर फोन हातात घेऊन ते चित्र जवळून पाहिलं.

पुढे धाकट्या बहिणीचं, सुवर्णाचं, खर्डीला जमलं. माणसं माळकरी, कांदासुद्धा न खाणारी. मी रजा टाकली, तिकीट काढलं. लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, आणि सुवर्णाला एकुलता एक भाऊ मी. "दादा, कान हळू पिळ हां," ती मला फोनवर आधीच बजावत होती.

तिकिटाचं सांगितलं तेव्हा बाबा फोन घेऊन अंगणाबाहेर गेले.

"येव नको रे."

मी का म्हणून विचारलं.

"कान पिळाया उभा रायलास की सगळी इचारतील, पोरगा काय करतो. आईला पटली तशी त्यांना अंबाडी नाय पटायची. आन् तुला खोटं बोलाया येत नाय." मग हळूच म्हणाले, "मी त्याच दिवशी वळखलं व्हतं. लग्न होव दे, मंग ये."

मला रागही धड येईना. पोरीच्या बापाने दुसरं काय करायचं? कान चुलतभावाने पिळला. मी ते मोबाईलवर पाहिलं आणि स्टोअररूममध्ये जाऊन रडलो.

लग्न झालं, पण बाबांनी अजून ये म्हटलेलं नाही. खर्डीचे आता कायमचे पाहुणे झाले, ते केव्हाही विचारणार. घर म्हणजे आता फोनवरची आई. ती रोज विचारते, "कवा येशील रे?" आणि मी तोंड उघडायच्या आत मागून बाबा सांगतात, "कामात हाय तो."