कपाटामागचे पत्रे

कपाटांच्या कारखान्यात तीस वर्षं रंगाचा फवारा मारणारा हा माणूस घरात चकार शब्द बोलायचा नाही. बायको म्हणायची, "आमच्या ह्यांनी तोंडावरही रंगाचे दोन हात मारून घेतलेत."

तो वारला, त्याला महिना झाला. मुलगा आईला आपल्याकडे न्यायला आला आणि टेम्पो बघायला बाहेर पडला. तेवढ्यात कपाट रिकामं करताना तिला मागचा पत्रा हलताना दिसला. कपाट नवऱ्याच्याच हातचं. तिनं स्क्रू काढले, तर आत दुसरी पाठ आणि मधल्या फटीत पातळ पत्र्यांची चवड.

वरच्या पत्र्यावर तिशीतली बाई होती. करड्या, हिरव्या, चॉकलेटी रंगात, म्हणजे कारखान्यातल्या उरल्यासुरल्या रंगात काढलेली. खालच्यावरही तीच. त्याच्या खालीही तीच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरीब गाय समजून ज्याच्यासोबत जन्म काढला, त्याचं हे! पण मुलाच्या मनातून बाप उतरायला नको. कोपऱ्यात थिनरची बाटली होती. तिनं चिंधी भिजवली आणि पहिला चेहरा पुसला. कपाटाचा रंग तो, थिनर लागताच सुटला.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. तिनं हात भराभर चालवला. पत्र्यागणिक बाई लहान होत होती. पंचवीस, वीस, मग दोन वेण्यांची शाळकरी पोर. म्हणजे इतक्या वर्षांची ओळख? ती पुसत राहिली. जिन्यात पावलं वाजली.

तळाच्या पत्र्यावर चार वर्षांची मुलगी होती. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा फ्रॉक, एक खिसा वर, एक खाली. तो फ्रॉक तिनंच शिवला होता, आणि तापात गेलेल्या लेकीला शेवटी तोच घातला होता. त्यानंतर नवऱ्यानं तिचं नावही कधी घेतलं नव्हतं. वर्षाला एक पत्रा याप्रमाणे तो तिला गुपचूप वाढवत होता.

मुलगा दारात आला. "आई, हे काय? कोण ही?"

"तुझी ताई. तू व्हायच्या आधी गेली ती. बाबांनी मोठी केली होती तिला."

त्यानं पुसलेले पत्रे चाळले. "मोठेपणी कशी दिसत होती गं?"

तिनं आठवून पाहिलं. हातातली चिंधी चॉकलेटी झाली होती.

"नीट बघितलंच नाही रे," ती म्हणाली. "मी रागात होते."