दुरुस्त झालेल्या आवृत्तीत

वैशालीताईंनी स्क्रीनवरच्या आकड्यावर तळहात ठेवला, जणू तो झाकला की नाहीसा होईल. ज्वारीचं एक नवं वाण तयार करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांच्या चाचण्यांचं गणित मी आमच्या संशोधन केंद्रात एका मोफत सॉफ्टवेअरवर करतो. आज त्याची नवी आवृत्ती घेतली, आणि कालपर्यंत सरस ठरलेलं ताईंचं वाण जुन्या वाणाच्या बरोबरीचंच निघालं.

नव्या आवृत्तीसोबतच्या टिपणात एकच ओळ होती : गणनेतली जुनी चूक दुरुस्त केली आहे. कुठल्याशा देशातल्या कुणीतरी आपली नोकरी सांभाळून फुकट केलेलं हे चांगलं काम. त्याच्यावर रागावताही येईना.

"जुनी आवृत्ती परत टाक ना रे, एकदाच," ताई म्हणाल्या.

"टाकतो. पण ताई, ते उत्तर चुकीचंच असेल."

"कळतंय मला."

मी टाकली. वाण पुन्हा सरस ठरलं, आणि ताई त्या खोट्या उत्तराकडे डोळे भरून पाहत राहिल्या. सॉफ्टवेअर आपल्या चुका सुधारत शहाणं होत जातं. पण त्यातली एखादी चूक खरी मानून कुणी वर्षानुवर्षं उन्हात उभं राहिलं असेल, तर ते कुठल्या टिपणात लिहायचं?

"अहवालात नवंच उत्तर घाल," असं म्हणून ताई उठल्या. दारापाशी मात्र त्या पाठमोऱ्याच थांबल्या.

"पुढच्या आवृत्तीत परत काही बदलेल का रे?"

मला 'नाही' म्हणवेना.