आधी मीटर दाखव

माझी मैत्रीण नातेला पहिल्यांदा न्यू लिनला आमच्या घरी आली ती केक घेऊन. "बस, चहा टाकते," म्हटलं, तर म्हणाली, "चहा राहू दे. आधी मीटर दाखव." मग बाहेरच्या भिंतीवरच्या मीटरसमोर पाच मिनिटं उभी. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "अगं, वीज मंडळातून आल्यात का ह्या?"

इकडे परदेशात आल्यावर ईस्ट टामाकीच्या कारखान्यात आम्ही दोघी स्विचबोर्डच्या वायरी जोडायचो. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, सोव्हिएत संघातून फुटून निघालेल्या जॉर्जियातली. तिकडे चांगली इंजिनिअर होती. पुण्याच्या माहेरच्या लोडशेडिंगचं रडगाणं मी गायले की विचारायची, "वेळापत्रक असतं?" असतं म्हटलं की म्हणे, "मग ती चैन आहे."

मला चांभारचौकशांची खोडच. खोदून खोदून विचारलं. सोव्हिएत राज्यात वीज जवळजवळ फुकट. ते राज्य गेलं, वीजही गेली. हिवाळ्यात दिवसाला दोन-तीन तास. हॉस्पिटलची लाइन तेवढी कायम चालू, म्हणून आसपासच्या इमारती तिच्यावरून चोरून तारा ओढायच्या. पुढे एका परदेशी कंपनीने शहराचा वीजपुरवठा विकत घेतला, घरोघरी मीटर बसले आणि नातेलाला काम मिळालं, त्या तारा कापायचं. "चोरीची वीज कुणाच्या तरी ऑपरेशनमधून येते," हे तिचं ठरलेलं वाक्य. धाकट्या बहिणीच्या, एतेरीच्या इमारतीची तारही तिनेच कापली. तेव्हापासून एतेरी तिच्याशी बोलली नव्हती. सहा वर्षं.

"पस्तावलीस?" मी विचारलं.

"कापल्याबद्दल नाही. न सांगता कापली, त्याबद्दल."

"मग फोन करून एवढंच सांग की."

"ती उचलणार नाही."

मला रागच आला. सख्खी बहीण तिकडे, आणि ही बाई इकडे लोकांचे मीटर बघत फिरते. शिफ्ट सुटली तेव्हा तिकडे सकाळ होती. माझं फोनकार्ड तिच्या हातात कोंबलं आणि तिला कँटीनच्या फोनपाशी उभं केलं.

एतेरीने उचलला. नातेला दोन वाक्यं बोलली, मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर मी विचारलंच, "काय म्हणाली?"

"सांगून कापली असतीस, तर पाव आधी भाजून घेतला असता, म्हणाली. ओव्हनमध्ये होता. पोरं उपाशी झोपली." ती खुर्चीत बसली. "मला हे माहीतच नव्हतं, अंजली."

"आणि?"

"कधी येतेस, विचारत होती."

महिन्याभरात नातेला निघाली. विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं. आत पाच किलो पीठ होतं. पीठ तिने काढू दिलं नाही. बॅगेतला कोट आणि बूट काढून माझ्याकडे दिले आणि गेली. ती परत आली नाही.