राणीची सही आणि माझी

कॉलेजात मी इतिहास शिकवते. अँग्लो-सॅक्सन इंग्लंड हा भाग कुणालाच नको असतो, म्हणून तो कायम माझ्याकडे. त्यातल्या राण्यांच्या सत्तेवर माझं टिपणाचं एक पान तयार असतं. या बायकांबद्दल लिहिलेलं थोडंच सापडतं, म्हणून जमिनीच्या दानपत्रांखालची साक्षीदारांची यादी बघायची. राजाच्या लगेच खाली, बिशपांच्याही वर राणीचं नाव आणि सहीचा क्रूस दिसला, की दरबारात तिला वजन होतं असं समजायचं. वेसेक्स या तिथल्या राज्यात एके काळी राजाच्या बायकोला राणी म्हणतही नसत, शेजारी बसवतही नसत. पुढे तिचं नाव वर सरकत गेलं. मी फळ्यावर बाण काढून शिकवते : नाव वर, वजन जास्त.

गेल्या वर्षी नेवाशाजवळची माहेरची जमीन आणि घर भावाच्या नावावर करायचं ठरलं. आईने आणि मी हक्कसोडपत्र द्यायचं. भावाचा फोन आला, "ताई, तुला कागदाचं लई कळतं. काय काय लागंल त्याची यादी तूच कर."

केली. सातबारा, आठ-अ, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, आधार, फोटो, साक्षीदार. एकूण अकरा मुद्दे. मसुदाही मीच तपासला, त्यातली गट नंबरची चूक काढली. नाही म्हणावंसं वाटत होतं. पण आई भावाकडे राहते. ती म्हणाली होती, "देऊन टाक बाई. तू जाशील नगरला. मला ह्याच्याच दारात ऱ्हायचंय."

निबंधक कार्यालयाच्या बाकड्यावर दस्त पुन्हा वाचला. आईचं नाव पहिलं, माझं दुसरं. माझ्या बाणाच्या हिशेबाने आम्ही दोघी भलत्याच वजनदार. आणि तेव्हा लक्षात आलं, आईने कुठे राहायचं हे त्यात कुठेच नाही. माझ्या अकरा मुद्द्यांतही नव्हतं.

"एक ओळ राहिली," मी भावाला म्हणाले. "आई शेवटपर्यंत या घरात राहील, एवढीच."

"म्हंजी आईला मी बाहेर काढीन व्हय? माझ्याकडनं लिहून घेतीस?" तो हसला, पण आवाज चढला होता. आजूबाजूचे बघायला लागले.

आईने माझं मनगट दाबलं. "गप ऱ्हा. तू जाशील भांडून. त्याच्या घरात मला जेवायचंय."

दस्त लिहिणारा म्हणाला, "मॅडम, आता ओळ घालायची तर सगळं नव्याने. आज होणार नाही."

भाऊ दाराकडे बघत उभा राहिला. आईने मनगट सोडलं नव्हतं. आतून आमचा पुकारा झाला.

"राजीखुशीने देताय ना?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"व्हय," आई म्हणाली. तिने अंगठा ठेवला.

"हो," मी म्हणाले. पानापानावर सह्या केल्या. त्या दानपत्रांवर क्रूस काढणाऱ्या राणीचं मनगट कुणी धरलं होतं का, हे माझ्या पानावर कधीच नव्हतं. कॅमेऱ्यावरची मुलगी म्हणाली, "सरळ बघा, मावशी."

घरी आल्यावर वहिनीने चहा आणला. एरवी मलाही स्टीलचा पेला असतो. आज पाहुण्यांची कपबशी होती. आईला तिचा नेहमीचा पेला दिला.

आईने एक घोट घेतला. "साखर अगदी बरोबर हाय गं," ती वहिनीला म्हणाली.

तिला कुणी विचारलं नव्हतं.